निवडुंगाच्या माळावरचा नांगर

लोखंडी नांगरानं जमिनीला विष चढतं, असं आज कुणी सांगितलं तर तुम्ही हसाल. पण वाचकहो, सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावपासून कृष्णाकाठापर्यंत चांगल्या जाणत्या शेतकऱ्यांचा तसा समज होता. दारात आलेला नवा कोरा नांगर ते लांबूनच बघायचे आणि मान हलवून निघून जायचे. हा समज ज्यानं मोडून काढला तो माणूस शेतकरी नव्हता आणि सरकारी अधिकारीही नव्हता. चित्रकला शिकायला मुंबईला गेलेला एक तरुण होता तो. लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर हे त्याचं नाव.

किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतो, इंजिन आठवतं, मोठमोठे कारखाने आठवतात. पण हे सारं सुरू झालं ते नांगरापासून. आणि त्या नांगरानं नुसती जमीन उलटी केली नाही, आपल्या गावगाड्यातले धंदेही उलटेपालटे केले. कुणाचं भलं झालं, कुणाचं काम गेलं. आज लक्ष्मणरावांची गोष्ट सांगायची ती त्यासाठी.

बलुत्याचा नांगर

आधी जुना नांगर कसा होता ते बघू. शेतकऱ्याला तो बाजारातून आणावा लागत नसे. बांधावरची बाभळ तोडायची, लाकूड सुताराच्या दारात टाकायचं. सुतार नांगर घडवून द्यायचा. लोहार फाळ बसवायचा, बोथट झाला की भट्टीत घालून शेवटायचा. रोख पैसा कुणी कुणाला देत नसे. सुगीत खळ्यावर रास पडली की सुतार-लोहार यायचे आणि ठरलेलं बलुतं घेऊन जायचे. दुष्काळ पडला तर त्यांचंही बलुतं बुडायचं. चांगलं पिकलं तर त्यांचंही सूप भरायचं. नांगर म्हणजे बाजारातली वस्तू नव्हती, गावातलं नातं होतं म्हणा ना.

पण नांगर म्हणून त्याच्यात उणीव होती. लाकडी नांगर जमीन फाडतो, उलटत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजला की त्याचं काही चालत नसे. वर फाटायचं, खाली मुळ्या तशाच. भारी जमिनीत मोठा नांगर धरायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. एवढी जनावरं एका दावणीला कुठली? मग पैरा करायचा, इर्जिक घालायचं. ज्याचा नंबर शेवटी लागला त्याची नांगरट पावसाच्या तोंडावर कशीबशी व्हायची.

लोखंडी नांगराचा पंखा मातीचं ढेकूळ उचलून उलटं पाडतो. हरळीच्या काशा वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. हे काम लाकडी नांगराला जमण्यासारखं नव्हतं. मग शेतकरी अडला कुठं? एक म्हणजे रोख पैसा. कापूस, शेंगा किंवा गूळ विकल्याशिवाय हातात नाणं येत नसे, आणि आलेलं नाणं आधी सावकाराकडं जायचं. दुसरं म्हणजे दुरुस्ती. नांगराचे भाग बिडाचे. बीड ठोकून वाकत नाही, आपटलं तर तुटतं. गावच्या लोहाराची भट्टी त्यापुढं काय करणार? ऐन नांगरटीत फाळ मोडला तर शेतकऱ्यानं जायचं कुणाकडं? जमीन विषारी होते हे बोलायला होतं. आमच्या मते त्या बोलण्यामागं ही खरी भीती दडलेली असावी.

चित्रकार झाला यंत्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, मलप्रभेच्या काठच्या गुर्लहोसूर गावचा. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेलं हे बेळगाव जिल्ह्यातलं गाव आज कर्नाटकात आहे. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे, याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील वेदांताचे अभ्यासक. पण मुलाचं मन शाळेच्या पुस्तकात रमेना. त्याला ओढ होती ती चित्रांची आणि कळ-चाकांची. थोरले भाऊ रामूअण्णांनी पाठबळ दिलं आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथं एक विचित्र अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? दुसरा कुणी असता तर गाठोडं बांधून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकून घेतलं. तिथं रंग लागत नाही, लागते ती रेघ आणि माप. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते हाच विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपात हात काळे करून घेतले.

भावांचा धंदाही याच काळात सुरू झाला. 1888 मध्ये बेळगावात दुकान निघालं ते सायकलींचं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. हे लक्षात ठेवा. वस्तू विकली म्हणजे काम संपलं असं नाही, ती वापरायला शिकवली पाहिजे, हा पाठ या भावांनी सायकलीवर गिरवला आणि पुढं नांगराला लावला.

तंत्रशाळेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि 1897 च्या सुमारास बेळगाव गाठलं. पवनचक्क्या विकून पाहिल्या. कडबा कापायचं यंत्र स्वतः बनवलं. परदेशातली यंत्रविषयक मासिकं मागवून ते वाचायचे आणि त्यातलं घरच्या कारखान्यात करून बघायचे. आजूबाजूला शेती आणि शेतकरीच, तेव्हा यंत्र करायचं तर ते शेतीचं, हे त्यांनी ओळखलं होतं. विलायती लोखंडी नांगर देशात येत होतेच. तसा नांगर इथंच का ओतू नये? 1903 मध्ये किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

तयार झाला, पण खपेना! पहिले मोजके नांगर जायला जवळजवळ दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. नांगर चालवून दाखवला. ज्यांनी घेतला त्यांच्या तक्रारी ऐकल्या. फाळाचं टोक लवकर झिजतं अशी तक्रार आली तर टोक कठीण करण्याच्या मागं लागले. सुटे भाग मिळतील अशी तजवीज केली. नांगराची नुसती किंमत सांगून भागत नाही, मोडला तर काय, याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. ते तयार झालं तसा विषाचा समज हळूहळू विरत गेला.

औंधच्या राजाची मदत

धंदा जरा बाळसं धरतोय तोच बेळगावात जागेवर गदा आली. कारखाना होता ती जागा नगरपालिकेला वस्तीच्या वाढीसाठी हवी होती. यंत्रं हलवायची, पण कुठं? त्या दिवसांत लक्ष्मणरावांनी औंधला देवीच्या देवळाच्या सभामंडपाचं काम घेतलं होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच 1909 मध्ये गादीवर आले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे हे राजे. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानावर गेली. त्यांनी दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि संस्थानात हवी ती जागा निवडा असं सांगितलं.

लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर माळरान जमीन. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतो. तेव्हा तिथं काय होतं? निवडुंगाची बनं, साप-विंचू आणि दगड. पाण्याची ओढ. पण शेजारून रेल्वे जात होती. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर देशभर पाठवायचे, तर रेल्वे हवीच. पिकाऊ जमीन कारखान्याला कशाला? असा हिशेब त्यात होता.

10 मार्च 1910 रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. बेळगावहून कामगार आणि त्यांची कुटुंबं आली. आधी निवडुंग तोडायचा, मग झोपड्या, मग भट्टी. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई या वसाहतीचं घर सांभाळत होत्या. रामूअण्णांनी रस्ते, घरं आणि पाणी यांची आखणी केली. शंभूराव जांभेकर यंत्रं बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेला मुलगा, पण यंत्रावर त्याचा हात बसला. के. के. कुलकर्णी गावोगाव फिरून नांगर खपवायचे. यातल्या फार थोड्यांकडं पदवीचा कागद होता.

आणि राखणीला कोण होतं माहीत आहे? तुकाराम रामोशी. तुरुंगाचा शिक्का बसलेला माणूस. ज्याला बाहेर कुणी उंबऱ्यावर उभं केलं नसतं, त्याच्या हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण दिली. त्या काळी ब्रिटिश सरकार काही जमातींच्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवत होतं. तेव्हाचा हा विश्वास साधा नव्हता. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. गावगाड्यात ज्याची जी जात त्याचा तो धंदा. माळावरच्या कारखान्यात मात्र हात काय करू शकतो एवढाच प्रश्न. चार मैलांवरच्या गावापेक्षा हे जग फार वेगळं होतं.

छोट्या संस्थानाची ही दृष्टी इथंच थांबली नाही. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, तोही औंध संस्थानच्या जागेवर. खेड्यापाड्यांत घराघरांत लागणारा प्रभाकर कंदील तिथलाच. मोठ्या मोठ्या संस्थानांनी राजवाडे बांधले. या लहान संस्थानानं धंद्यांना माळरानं दिली. इतिहासात नोंद व्हावी अशीच ही गोष्ट आहे.

तोफा वितळून नांगर

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि विलायतेचा माल यायचा थांबला. विलायती नांगर येईनात, म्हणून देशी नांगराची मागणी वाढली. पण ओतायला लोखंड कुठलं? तेही बाहेरूनच येत होतं. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. किल्ल्यावर निरुपयोगी पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या. त्या तोफा भट्टीत गेल्या आणि नांगर होऊन बाहेर पडल्या. एके काळी ज्यांनी माणसं मारली त्याच लोखंडानं पुढं हरळी मारली!

1920 मध्ये धंद्याची रीतसर लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं साधं पत्र होतं. पुढं त्याचंच किर्लोस्कर मासिक झालं, 1930 मध्ये स्त्री आणि 1934 मध्ये मनोहर निघालं. म्हणजे बघा, मराठी घरांत दोन पिढ्या वाचली गेलेली ही मासिकं नांगराच्या जाहिरातीच्या पोटी जन्मली.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र आलं. आपल्या भागाची पिकंच ती. 1926 मध्ये लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून अभियांत्रिकी शिकून परतले. त्याच सुमाराला पाणी उपसायच्या पंपांचं काम सुरू झालं. इथं गोष्टीला दुसरं वळण लागतं.

मोट गेली, तिच्याबरोबर कोण गेलं?

विहिरीवरची मोट आठवा. नुसतं बैल आणि पाणी एवढंच ते नव्हतं. कातडं कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा वळणारा मांग, चाक करणारा सुतार, कणा ठोकणारा लोहार, एवढ्या सगळ्यांचे हात एका मोटेला लागलेले असायचे. मोट फाटली की चांभाराकडं, नाडा तुटला की मांगवाड्यात. आणि हिशेब पुन्हा सुगीत, धान्याचा.

पंप आला आणि ही साखळी गळून पडली. एका दिवसात नाही, दोन पिढ्यांत. मोटेवर दिवसभर बैल हाकून जेवढं रान भिजायचं त्याच्या कितीतरी पट पाणी पंप देऊ लागला. बैलांचा आणि माणसाचा घाम वाचला. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, पुढं तासगाव भागात द्राक्षाचे मांडव चढले. हे सारं खरं आणि चांगलं. पण ज्यांच्या हातची मोट आणि नाडा गेला त्यांच्या घरात काय झालं, हेही विचारायला हवं. शेतकऱ्याचा नवा व्यवहार कारखान्याशी, दुकानदाराशी आणि पुढं बँकेशी सुरू झाला. बलुतेदार त्यात कुठंच नव्हता. त्याच्याकडं जमीनही नव्हती.

अर्थात बलुतेदारी काही सोन्याची नव्हती. तिच्यात पोटाची हमी होती तशी अपमानाचीही होती. नाडा वळणाऱ्याच्या पोरानं नाडाच वळायचा, दुसरं काही करायचं नाही. खळ्यावर हात पसरून उभं राहायचं. ती गेली याचं दुःख करायचं कारण नाही. दुःख आहे ते याचं, की जुना धंदा गेला तेव्हा नवा धंदा शिकवायची सोय फार थोड्यांना मिळाली. किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या मुलांना ती मिळाली. मोल्डिंग, फिटिंग आणि लेथ ही कामं ती शिकली. महिन्याचा पगार घरी न्यायला लागली. पण एका वाडीत किती हात सामावणार? बाकी शेकडो गावांतला लोहार आपल्या विझत चाललेल्या भट्टीपुढं बसून राहिला, नाहीतर मुंबईच्या गिरणीची वाट धरली.

शेतकरी बुडाला की कारखानाही

1930 च्या सुमारास जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, मग नांगर घेणार कोण? वाडीची विक्री घसरली. तेव्हा याच कारखान्यानं लोखंडी खुर्च्या, टेबलं, कपाटं करून दिवस काढले. नांगर करणाऱ्यांनी फर्निचर करावं यात लक्ष्मणरावांना कमीपणा वाटला नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ग्रामीण भागातल्या कारखान्याचं नशीब शेताच्या बांधाशी बांधलेलं असतं. बाजार समितीत भाव पडला की त्याचा धक्का गावच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत कसा पोचतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

1941 मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर इथं यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना उभा राहिला. घरचा व्याप असा वाढत असताना 1948 साल उजाडलं. गांधीजींच्या हत्येनंतर आपल्या भागात जी जाळपोळ झाली तिच्यात किर्लोस्करवाडीलाही आग लागली. ज्या माळावरचा निवडुंग स्वतः तोडून घेतला, तिथला कारखाना जळाल्याची बातमी ऐकायची वेळ लक्ष्मणरावांवर आली तेव्हा ते 78 वर्षांचे होते. ज्यांच्या शेतात त्यांचा नांगर चालत होता त्याच मुलखात हे घडलं. यावर पांघरूण घालून त्यांचं चरित्र सांगता येणार नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, ही त्यातली समाधानाची बाजू.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव वारले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी झालं. तिथं आजही पंप तयार होतात.

आपण काय घ्यायचं?

आज तुमच्या रानात ट्रॅक्टर फिरतो. बैलाचा लोखंडी नांगर गोठ्याच्या मागं गंजत पडला असेल, नाहीतर भंगारवाल्यानं नेला असेल. ज्या नांगरानं लाकडी नांगराला मागं सारलं त्यालाही कुणीतरी मागं सारलंच. त्यात नवल नाही. ड्रोन, ठिबकचे नवे संच, मोबाईलवरून चालू-बंद होणारी मोटार अशा वस्तू आता दारात येत आहेत. आपण त्यांच्याकडं बघून मान हलवतो, तेव्हा आपल्यालाही अडाणी म्हटलं जातं.

म्हणून लक्ष्मणरावांचे दोन धडे आठवावेत. एक विकणाऱ्यांसाठी. शेतकरी नको म्हणतो तेव्हा त्यामागचं कारण शोधा. मोडल्यावर दुरुस्त कोण करणार, सुटा भाग किती दिवसांत मिळणार, याचं उत्तर आधी द्या. दुसरा आपल्या सगळ्यांसाठी, गावच्या ग्रामपंचायतीसाठी आणि सोसायटीसाठीसुद्धा. नवं यंत्र येताना कुणाचं काम जाणार ते आधी बघा. त्या घरातल्या पोरा-पोरींना तेच यंत्र दुरुस्त करायला शिकवायची सोय तालुक्याच्या गावी आहे का, ते विचारा. नसेल तर ती मागा.

नापास झालेला पोरगा आणि तुरुंग भोगलेला माणूस, दोघांनाही एका माळावर काम मिळालं होतं. तसा एखादा माळ आज आपल्या तालुक्यात कुठं आहे, याचा शोध घ्यायला हरकत नाही.